वेंगुर्ल्याजवळ मांगरात सापडलेली एमजीए: खरी किती, घेण्याजोगी किती?

खाडीकाठचा

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

वेंगुर्ल्याच्या थोडं आत, ओळखीच्या एका घराच्या बागेत मांगर (सामान ठेवायची कौलारू खोपी) आहे. आंब्याचे खोके, जुनी जाळी, मोडका पंप, वर माडाची झापं, असा सगळा पसारा. त्याखाली दोन सीटची, उघडत्या टपाची एक जुनी गाडी उभी आहे. समोरच्या जाळीवर एमजी या विलायती कंपनीचं अष्टकोनी चिन्ह आहे, म्हणून ही त्यांची एमजीए वाटते. रंग लाल, चाकं तारेची, स्टिअरिंग उजवीकडे. घरातले आजोबा बोटीवर इंजिनियर होते, त्यांची ही गाडी. ते गेल्यावर कुणी हात लावलेला नाही. आता मांगर पाडून होम-स्टे बांधायचं चाललंय, म्हणून गाडी काढायची आहे.

मला दिसलं ते असं. लोहचुंबक घेऊन गेलो होतो. पुढच्या आणि मागच्या मडगार्डांना तो पक्का चिकटतो, पण बोनेट, डिकी आणि दोन्ही दारांना अजिबात चिकटत नाही. पायाखालचा प्लाय वाळवीनं खाल्लाय, आत बसलं की जमीन दिसते. दारांना बाहेरून क्रोमचे हँडल आहेत. इंजिन जाम आहे आणि त्याला एकच कार्बोरेटर आहे. बोनेटखाली एक पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर एचडीए २३ आणि पुढे तिरकी रेघ मारून आकडे आहेत. आकडे इथं मुद्दाम देत नाही.

घरात आजी आहेत, दोन मुलगे आणि ठाण्याला दिलेली एक मुलगी. थोरल्याशी बोलणं झालंय. किंमत इथं लिहीत नाही, पण माझ्यासारख्या नोकरदार माणसाला विचार करायला लावणारी आहे.

गाडी खरी आहे का? खरी असेल तर घेण्यासारखी आहे का? आणि पैसे देण्याआधी काय काय बघू?

देवबागी

खंय गावली ही? आमच्या मांगरात इंचवाशिवाय कायएक गावणा नाय.

फोटो टाक मरे आधी.

चारचाकी

चुंबक चिकटत नाही म्हणजे फायबर. सरळ गोष्ट आहे. ब्राझीलमध्ये एमपी लाफर नावाची गाडी बनायची. दिसायला एमजी टीडी, खाली फोक्सवॅगन बीटलचा फ्लोअर, इंजिन मागे. आपल्याकडेही जीपच्या चासीवर असले प्रकार गॅरेजवाल्यांनी केलेत. तुमच्या गाडीचे पुढचे भाग खरे आणि बाकी फायबर, असं जोडकाम वाटतं. मी असतो तर हात जोडून बाहेर पडलो असतो.

पितळी_पाना

चारचाकी, शंका योग्य आहे, निष्कर्ष उलटा आहे. एमजीएचं बोनेट, डिकीचं झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचा येत असे. मडगार्ड आणि बाकी बॉडी पोलादी. म्हणजे मडगार्डाला चुंबक चिकटणं आणि बोनेटला न चिकटणं हीच खऱ्या एमजीएची खूण आहे. बोनेटला चिकटलं असतं तर मी म्हणालो असतो, कुणीतरी पत्रा ठोकून घेतलाय.

खाडीकाठचा, बोनेटच्या आतल्या बाजूला नखानं टिचकी मारा. फायबरचा आवाज बद्द येतो, ॲल्युमिनियमचा पातळ. आणि दारांची खालची कड बघा. आतला सांगाडा लोखंडी आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा दुमडलेला असतो. खाऱ्या हवेत या दोन धातूंचं पटत नाही. दुमडीतून पांढरी पूड निघत असेल तर ती फायबरची नाही, ॲल्युमिनियम खाल्लं जातंय त्याची आहे. फायबर अशी पूड सोडत नाही.

आता पट्टी. १५०० सीसीच्या एमजीएच्या नंबरात पहिलं अक्षर एच, म्हणजे एमजीची ही स्पोर्ट्‌स जात. डी म्हणजे उघडी दोन सीटची. तिसरं अक्षर रंगाचं, ए म्हणजे काळा. पहिला आकडा २ म्हणजे उजव्या स्टिअरिंगची, निर्यातीसाठी. १ असता तर विलायतेतल्याच बाजारासाठी, ३ असता तर डाव्या स्टिअरिंगची, ४ म्हणजे उत्तर अमेरिकेसाठी. शेवटचा ३ म्हणजे सेल्युलोज रंग.

स्टिअरिंग उजवीकडे आहे, ते जुळलं. पण तुमची गाडी लाल आहे आणि पट्टी म्हणतेय काळी. आता लालच्या खाली काय आहे ते शोधा. बोनेट किंवा मडगार्ड खरवडू नका. उघड्या एमजीएचा डॅशबोर्ड बॉडीच्याच रंगात रंगवत, म्हणून डॅशच्या खाली हात घालून मागची बाजू बघा. रंगारी तिथपर्यंत सहसा पोचत नाही.

सावंतवाडीकरीण

पितळी_पाना, किती छान समजावलंत. गाडीतलं काही कळत नसूनही सगळं वाचलं.

फिटरमामा

चाळीस वर्षं पाना धरलाय, त्यातली बरीचशी ॲम्बेसेडरवर. एकच कार्बोरेटर म्हटल्यावर मी कान टवकारले. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर असतात. एकच दिसतोय, तर आत ॲम्बेसेडरचं इंजिन असण्याची दाट शक्यता आहे.

आणि ते बसतं, कारण दोन्ही एकाच घरातले भाऊ. एमजीए १५०० आणि आपली ॲम्बेसेडर, दोन्हीत बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज इंजिन, १४८९ सीसी, बोअर आणि स्ट्रोक एकच. फरक हेडचा, कॅमचा, कार्बोरेटरांचा. ॲम्बेसेडरचं ५५ हॉर्सपॉवरचं, एमजीएचं सुरुवातीला ६८ आणि नंतर ७२. त्या काळात एमजीचं इंजिन बंद पडलं तर मालक कुठून पार्ट आणणार? गॅरेजवाला म्हणायचा, साहेब, ॲम्बेसेडरचं टाकू, उद्या गाडी रस्त्यावर. त्यात वाईट हेतू नव्हता.

बघायचं कसं? इंजिनाच्या उजव्या अंगाला ब्लॉकवर नंबरची पट्टी असते. एमजीए १५०० ची असेल तर सुरुवात बीपी १५ जीबी अशी. गिअरचा दांडा फ्लोअरवर आहे की स्टिअरिंगला, तेही सांगा.

आणि एक हात जोडून सांगतो, हँडल मारून इंजिन फिरवायला जाऊ नका. आधी प्लग काढा, प्रत्येक भोकातून तेल सोडा, मुरू द्या. जाम इंजिनाला जोर लावला की रिंगा मोडतात, मग सिलिंडरला ओरखडे.

निवांत

एवढं काय त्या पट्ट्यांचं घेऊन बसायचं? इंजिन कुठलंही असो, गाडी चालली पाहिजे. संध्याकाळी टप उघडून सागरेश्वरला जायचं, यापेक्षा जास्त काय हवं आयुष्यात?

अठरापगड

निवांत, ते तुमच्या-माझ्यापुरतं ठीक. पण धागाकर्त्याला पैसे मोजायचेत, आणि ते नक्की कशाचे मोजतोय हे त्याला कळायला नको? मूळ इंजिनाची एमजीए आणि ॲम्बेसेडरच्या इंजिनाची एमजीए यांची किंमत एक असू शकत नाही. चालवायला दोन्ही मजेदार असतील.

आणखी एक. 'मांगरात सापडली' हे ऐकलं की आपण हरखतो. धूळ, झापं, जाळी, सगळं फोटोत सुंदर दिसतं. पण धूळ हा काही गाडीचा पार्ट नाही. आपल्या किनाऱ्यावरची जागा ही गाडी ठेवायला सगळ्यात वाईट. चार महिने पाऊस, बाकी आठ महिने खारा वारा. राजस्थानात कोरड्या कोठारात पडलेली गाडी आणि वेंगुर्ल्यात पडलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक. मी तर म्हणेन, किनाऱ्यावरची घेऊच नका.

पितळी_पाना

अठरापगड, अर्धं मान्य. किनारा वाईट, पण मांगर किनाऱ्यापासून किती आत आहे, जमीन सारवलेली की लाद्यांची, पाणी आत येतं का, यावर बरंच ठरतं. जांभ्याच्या भिंतीच्या, कौलारू, वारा खेळता असलेल्या मांगरात गाडी बरी राहते. ताडपत्री घट्ट गुंडाळून बंद गॅरेजमध्ये ठेवलेली त्याहून जास्त सडते, कारण आतली वाफ बाहेर जात नाही.

प्लायची चिंता करू नका. एमजीएला फ्लोअर प्लायचाच असतो आणि तो नवा कापून घालणं हे सुताराचं काम. बघायचं ते हे: ज्या लोखंडी पट्ट्यांवर तो प्लाय बसतो त्या, सीटच्या मागच्या बॅटरीच्या चौकटी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिल, दाराखालून जाणाऱ्या बॉडीच्या पोलादी पट्ट्या. एमजीएला दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, सीटमागे खाली टांगलेल्या. त्यांचं ॲसिड सांडून त्या चौकटी हमखास गेलेल्या असतात.

सिलसाठी दार बंद करून भोवतीची फट बघा, वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे का. वर चिमटलेली आणि खाली उघडलेली असेल तर सिल गेलेत आणि बॉडी बसलीय. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं खालून ठोकत जा. खणखणीत आवाज म्हणजे पत्रा, थप्प आवाज म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलीय. ही गाडी वेगळ्या चासीवर बोल्टनं बसवलेली आहे, पण सिल बदलायचे तर बॉडीचा सगळा तोल सांभाळून करावे लागतात. ते काम जाणत्याकडूनच.

मोगरावेल

सगळे गाडीबद्दल बोलतायत, मी माणसांबद्दल बोलते. वकिली करते, म्हणून राहवत नाही.

थोरल्याशी बोलणं झालंय म्हणता, ते पुरेसं नाही. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर गाडी आजींची, दोन्ही मुलांची आणि मुलीची आहे. आजोबांची आई त्यांच्यामागे हयात असेल तर तिचीही. ठाण्याच्या बहिणीची सही विसरू नका. कोकणात जमिनीच्या बाबतीत हे सगळ्यांना कळतं, गाडीच्या बाबतीत मात्र 'भावानं दिली की झालं' म्हणतात. पाच वर्षांनी गाडी चकचकीत होऊन पेपरात फोटो आला की सगळ्यांना आठवण येते.

नावावर करायचं तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, बाकीच्यांची संमती जोडून. मग फॉर्म २९ आणि ३० भरून तुमच्या नावावर. आरसी पुस्तक आहे का? असेल तर त्याचं प्रत्येक पान वाचा, फक्त पहिलं नको.

देवबागी

मोगरावेल बाय, तुमी वकील? आमच्या वाटपाचो दावो आज्याच्या टायमापासून पडलो हा, जरा बघशात काय?

मोगरावेल

देवबागी, त्याला नवा धागा काढा. नाहीतर ही गाडी त्या दाव्यात जप्त व्हायची.

अबलख

उजव्या स्टिअरिंगची आहे म्हणजे गोव्यातून आलेली नाही, हे नक्की. पोर्तुगीज उजवीकडून चालवायचे ना?

अठरापगड

पोर्तुगालनं १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, पण गोवा डावीकडूनच चालत राहिला, शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान होता म्हणून. त्यामुळे स्टिअरिंग बघून गोव्याबद्दल काहीच ठरत नाही.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर, तिथं बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का कुणाला? दोन सीटची, फायबर बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. चारचाकी, तुमचा चुंबक तिथं बरोबर ठरला असता.

चारचाकी

सॅन स्टॉर्म मी म्हापशाला एकदा पाहिली होती, मागे धावलो होतो. ॲल्युमिनियमचा खुलासा पटला. पण बाहेरच्या हँडलचं काय? दारांना क्रोमचे हँडल आहेत असं धागाकर्त्यानंच लिहिलंय.

पितळी_पाना

उत्तम पकडलंत. उघड्या एमजीएला बाहेरून हँडल नसतंच. खिडकीच्या पडद्यातून हात आत घालायचा आणि दाराच्या आतली दोरी ओढायची. बाहेरचं हँडल असतं ते कूपेला, म्हणजे पक्क्या टपाच्या एमजीएला. म्हणजे कुणीतरी दारं कापून हँडल बसवलेत. ॲम्बेसेडरचे किंवा फियाटचे असतील.

हे वाईट वाटतं, पण यातून गाडी खोटी ठरत नाही. उलट ही गाडी इथं वापरली गेली, इथल्या माणसानं आपल्या सोयीनं बदलली, एवढं कळतं. ॲल्युमिनियमची भोकं जाणता वेल्डर बुजवून देईल. मात्र किंमत ठरवताना धरा.

खाडीकाठचा

कालचा अख्खा दिवस तिथंच होतो. सगळ्यांचे मनापासून आभार, सांगाल तसं बघत गेलो.

डॅशच्या मागे आरसा आणि टॉर्च धरून पाहिलं. काळा रंग! घड्याळांच्या भोकांच्या कडेला लाल ओघळ आहेत आणि त्यांच्याखाली काळा. दारांच्या खालच्या कडेला पांढरी पूड आहे, डाव्या दाराला जास्त. बोनेटला टिचकी मारली, आवाज पातळ. दाराच्या फटी उजवीकडे बऱ्यापैकी सारख्या आहेत. डावीकडे वर करंगळी जात नाही आणि खाली अंगठा जातो. डावं सिल ठोकलं तर खालून गंजाचे पापुद्रे हातावर आले. बॅटरीच्या चौकटी नाहीतच, नुसत्या कडा उरल्यात. मांगर खाडीपासून आत आहे, जमीन सारवलेली. पण डावीकडच्या भिंतीला कौलं फुटलीयत आणि पाणी त्याच बाजूला पडत आलंय.

फिटरमामा, गिअर फ्लोअरवर आहे. इंजिनाच्या पट्टीवर बीपी नाही, वेगळेच आकडे आहेत.

आणि आजींनी देवघराच्या फळीवरून आरसी पुस्तक काढून दिलं. मुंबईचं पासिंग, बी.एम. सिरीजचं. चासी नंबर पट्टीशी तंतोतंत जुळतो. इंजिन नंबरच्या रकान्यात बीपी १५ जीबी आणि पुढे आकडे! मागच्या पानांवर इंजिन बदलल्याची नोंद कुठंही नाही.

फिटरमामा

वा! म्हणजे गाडी आली तेव्हा मूळ इंजिन होतं, मागाहून बदललं. गिअर फ्लोअरवर म्हणजे गिअरबॉक्स एमजीचाच राहिला असावा, कारण जुन्या ॲम्बेसेडरचा दांडा स्टिअरिंगला असायचा.

आता ऐका. बोटीवरचा इंजिनियर माणूस, त्यानं काढलेलं इंजिन भंगारात घातलं असेल असं मला वाटत नाही. मांगरात, माळ्यावर, विहिरीच्या पंपाजवळ, सगळीकडे बघा. दोन कार्बोरेटर, त्यांचा मॅनिफोल्ड, हेड, काहीतरी असेलच. पंपाच्या खोलीत आधी जा.

घाईघाईत

इतकं कशाला? बाजारात पितळी पट्ट्या करून मिळतात. आरसीवरचा नंबर ठोकून घ्या त्या ॲम्बेसेडरच्या ब्लॉकवर. कागद जुळले, विषय संपला. कोण बघतंय?

पितळी_पाना

मी बघतोय. आणि तुमच्यानंतर ती गाडी जो विकत घेईल तो बघणार आहे.

घाईघाईत, हे इथं लिहिलंत म्हणून स्पष्ट बोलतो. इंजिन किंवा चासीच्या नंबरात खाडाखोड करणं हा गुन्हा आहे, आणि ते बाजूला ठेवलं तरी ही गाडीच्या बाबतीत सगळ्यात मोठी लबाडी आहे. आज या गाडीत जे आहे ते प्रामाणिक आहे. काळी होती, लाल केली. इंजिन बंद पडलं, ॲम्बेसेडरचं घातलं. दाराला हँडल लावले. प्रत्येक गोष्टीमागे माणूस आहे, कारण आहे, आणि ते वाचता येतं. एकदा खोटी पट्टी ठोकली की तिच्यावर आणि मग बाकीच्या खऱ्या पट्ट्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. चुकीच्या इंजिनाची खरी गाडी मी आनंदानं घेईन, बरोबर नंबराच्या खोट्या गाडीला हात लावणार नाही.

अठरापगड

पितळी_पाना यांच्याशी शंभर टक्के सहमत.

यातली कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, बिगरव्यावसायिक गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीची फी २० हजार, ती १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. बी.एम. नंबर असला तर तो सोडू नका!

मात्र दोन अटी. एक, गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. ॲम्बेसेडरच्या इंजिनावर गाडी तपासणाऱ्या समितीनं बोट ठेवलं तर तुमच्याकडे उत्तर हवं. दोन, अशी गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. निवांत, तुमचं रोजचं सागरेश्वर त्यात बसत नाही.

निवांत

मग पेट्रोल भरायला सागरेश्वरमार्गे जाऊ. :)

पण एक विचारतो, भांडायचं म्हणून नाही. साध्या नोंदणीवर ठेवून इंजिन बदलाची रीतसर नोंद करून घेतली तर? तेव्हा तर फिरवता येईल ना?

मोगरावेल

विचारता येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली फेरफाराची परवानगी आणि नोंद असते. त्यासाठी ॲम्बेसेडरच्या त्या इंजिनाचे कागद लागतील, ते कुठून आलं, कुणाचं होतं. एवढ्या वर्षांनी ते मिळणं कठीण, पण आजोबांच्या कागदांत गॅरेजचं बिल असू शकतं. आजींना विचारायला हवं.

आणि मुंबईचं पासिंग असलं तरी गाडी इथं वर्ग झाली होती का बघा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. त्याआधीचं काही असेल तर ते रत्नागिरीला विचारावं लागेल, ओरोसला नाही.

जुनीवही

एक राहिलं. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे एमजीएच्या कारखान्याच्या नोंदी आहेत. चासी नंबर आणि मालकीचा पुरावा दिला की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. त्यात गाडी कधी तयार झाली, कुठल्या रंगात, कुठल्या देशाला पाठवली आणि मूळ इंजिन नंबर काय, हे सगळं असतं. आरसीवरचा इंजिन नंबर त्याच्याशी जुळला तर तुमच्या हातात सोनं आहे, इंजिन असो वा नसो.

'एमजीए इतक्या लांब कशी आली' असं कुणी म्हणेल. १९५५ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टला दाखवल्यापासून १९६२ पर्यंत एकूण १,०१,०८१ एमजीए बनल्या, त्यांतल्या सहा हजारही विलायतेत विकल्या गेल्या नाहीत. बाकी सगळ्या जगभर. एकट्या १५०० च्याच ५८,७५० आहेत. म्हणजे ही दुर्मीळातली दुर्मीळ नव्हे. ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टच्या इंजिनाची एमजीए) असती, २,१११ पैकी एक, तर मी आजच वेंगुर्ल्याची गाडी पकडली असती. पण त्या वेळी परदेशी गाडी देशात आणणं सोपं नव्हतं, त्यामुळे इथं उजव्या स्टिअरिंगची, जुन्या कागदांसकट, एकाच घरातली एमजीए मिळणं याला वेगळं मोल आहे. बोटीवरच्या माणसानं ती कशी आणली हे आजींकडून लिहून घ्या. आत्ताच घ्या.

सावंतवाडीकरीण

जुनीवही, शेवटचं वाक्य फार खरं. घरातली माणसं असतात तेव्हा कुणी विचारत नाही.

खाडीकाठचा

फिटरमामा, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

पंपाच्या खोलीत काही नव्हतं. पण घराच्या माळ्यावर, जुन्या पितळी भांड्यांच्या मागे एक लाकडी पेटी निघाली. वर बोटीच्या कंपनीचं नाव खोडलेलं. आत ग्रीस लावून, मेणकागदात गुंडाळलेले दोन कार्बोरेटर, त्यांचा मॅनिफोल्ड, आणि वेगळा बांधलेला रॉकरचा डबा. तळाशी वहीच्या पानात दाराच्या आतल्या दोऱ्या, दोन्ही! आजोबांनी पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'मूळ, टाकू नये.'

हेड आणि ब्लॉक नाही. धाकट्याला अंधुक आठवतं की ब्लॉकला तडा गेला होता आणि तो कोल्हापूरला कुणाकडे तरी दुरुस्तीला नेला, परत आला नाही.

आजींशी बसून बोललो. एडनला घेतली म्हणतात, कुणा परतणाऱ्या गोऱ्या माणसाकडून. त्याचा कागद अजून सापडला नाही, पण एक ट्रंक उघडायची बाकी आहे. पहिल्यांदा घाटातून आणली तेव्हा आंबोलीला रेडिएटर उकळला आणि गावातली पोरं ओढ्यावरून पाणी आणायला धावली, हे त्यांनी हसत सांगितलं. मी सगळं रेकॉर्ड केलंय, त्यांच्या परवानगीनं.

देवबागी

'मूळ, टाकू नये.' आज्याक सलाम. आमच्या घरात तसा लिवलेला असता तर अर्धा घर माळ्यार असता.

पितळी_पाना

वाचून खरंच आनंद झाला. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

खरी आहे का? हो. पट्टी, रंग, ॲल्युमिनियम, स्टिअरिंग, कागद, पेटी, सगळं एकमेकांशी बोलतंय. इंजिन सोडून.

घेण्यासारखी आहे का? माझं मत, हो, पण पूर्ण गाडीच्या भावानं नाही. डावं सिल, बॅटरीच्या चौकटी, डावं दार, इंजिन, या चार गोष्टी किमतीतून वजा करून बोला आणि घरच्यांना कारण समजावून सांगा, त्यांना फसवल्यासारखं वाटता कामा नये. ॲम्बेसेडरच्या ब्लॉकवर हे दोन कार्बोरेटर आणि एमजीएचं हेड, कॅम घालून इंजिन चांगलं उभं राहील. त्याची पट्टी त्याचीच राहू द्या. दरम्यान कोल्हापुरात विचारत राहा. असे ब्लॉक कुठल्यातरी गॅरेजच्या मागे पडून असतात.

अठरापगड

किनाऱ्यावरची घेऊच नका असं मी म्हणालो होतो. या गाडीपुरतं ते लागू नाही. उजवी बाजू वाचलीय आणि कागद घरात आहेत, हे दोन्ही एकत्र फार कमी वेळा मिळतं. आयातीचा कागद मिळतोय का ते मात्र नक्की बघा, त्या ट्रंकेसाठी थांबायला लागलं तरी थांबा.

फिटरमामा

मी कोल्हापूरचाच. उद्यमनगरात दोन-तीन जुन्या मशीन शॉपवाल्यांना विचारतो. आरसीवरचा इंजिन नंबर मला खासगी संदेशात पाठवा, इथं नको.

खाडीकाठचा

पाठवला, मामा.

ठाण्याच्या ताईंशी फोनवर बोललो. त्यांना बाबांची गाडी कुणीतरी नीट करतंय हेच हवं होतं, संमती लिहून देतायत. मोगरावेल यांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांच्या सह्या झाल्या की टोकन देणार. घरच्यांनी भाव कमी करायचंही मान्य केलं, सिल त्यांना ठोकून दाखवलं तेव्हा.

पाऊस लागायच्या आत हलवायची आहे. पितळी_पाना, पुण्याला तुमच्याकडे जागा आहे का? आणि दोरीनं ओढून कुडाळपर्यंत नेली तर चालेल का?

पितळी_पाना

जागा करतो. दोरीनं अजिबात नको. ब्रेक जाम असणार, तारेच्या चाकांच्या आतले दाते कसे आहेत माहीत नाही आणि डावं सिल गेलेलं आहे. फ्लॅटबेड बोलवा, विंचनं हळू चढवा आणि पट्टे चासीला बांधा, बंपरला नको. दारं उघडी ठेवून चढवू नका, बॉडी वाकली तर पुन्हा बंद होणार नाहीत. धुऊ नका, पुसू नका, आधी आहे तशी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पेटी वेगळी, तुमच्यासोबत, सीटवर.